नबीसाबांनी फुंकलेली काच

पोस्टकार्डाला पाकीट नसतं, ही गोष्ट महादेवप्पाच्या ध्यानात आली नसावी. मंगळवारी दुपारी पोस्टमननं ते कार्ड सोलापूरच्या भवानी पेठेत आणून टाकलं. ज्याच्या नावाचं होतं तो सिदू संध्याकाळी गिरणीतून सुटून घरी येईतोवर नळावरच्या बायकांना त्यातलं अक्षर न् अक्षर पाठ झालं होतं. चौकातच पानवाल्यानं त्याला हाक मारली, "काय सिद्धनाथराव, साखर खायाला निघालाव म्हणं!"

सिदूला काही कळलं नाही. घरी आल्यावर बायकोनं कार्ड त्याच्यापुढं टाकलं तेव्हा कळलं.

महादेवप्पा पोरसवदा वयापासून त्याच गिरणीत फिटर होता. वर्षापूर्वी तो अकलूजकडं उभ्या राहणाऱ्या एका नव्या साखर कारखान्यात गेला होता. त्यानं लिहिलं होतं: 'इथे बॉयलरवर सर्टिफिकेटचा माणूस पाहिजे. साहेबास तुझे नाव सांगितले आहे. पगार दीडपट, राहण्यास पत्र्याची खोली. येत्या सोमवारी हजर हो, नाहीतर पुण्याचा मनुष्य घेणार. तुझी आई येथून चार कोसांवर आहे. बाकी तू शहाणा आहेस.'

हे सन एकोणीसशे तेहतीस. दसरा नुकताच झाला होता. सिदूला तेव्हा सव्विसावं चालू होतं.

सिद्धनाथ मायाप्पा वाघमोडे मूळचा माळशिरसकडचा, धनगराच्या घरचा. वीस सालच्या दुष्काळात कळपातली निम्म्याहून जास्त मेंढरं गेली. उरलेल्या मेंढरांमागं दोन भाऊ कशाला, एक पुरत होता. म्हणून धाकट्या सिदूला चुलत्यानं सोलापुरात आणून गिरणीच्या दाराशी उभं केलं. चौथी पास, अंगानं काटक. बॉयलरवर कोळसा ओढायला कुणीतरी हवंच होतं. तिथले मुख्य आगवाले नबीसाब. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "आगीला भितो का रे?"

सिदू भट्टीकडं बघून म्हणाला, "मेंढरापरास शाणी दिसतीया."

नबीसाब पोट धरून हसले आणि त्याला ठेवून घेतलं.

पुढच्या तेरा वर्षांत त्यांनी सिदूला जे शिकवलं ते कुठल्याही पुस्तकात छापलेलं नव्हतं. कोळसा फेकायचा नसतो, पेरायचा असतो. पंपाचा ठोका कोरडा लागला की पाणी चढत नाही. आग पांढरी पडली की हवा जास्त होतेय, तांबडी पडली की कमी. नबीसाबांना आकडे वाचता येत नव्हते. वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडं बघून ते "काटा कमरेवर आला", "काटा खांद्यावर गेला" असं सांगत, आणि ते पौंडाच्या हिशेबात बरोबर निघे.

पण सगळ्यांत जास्त जपायची ती काच. बॉयलरच्या तोंडाशी बोटाएवढ्या जाडीच्या दोन उभ्या काचेच्या नळ्या असतात. आत पाणी किती आहे ते तिथं दिसतं. भट्टीच्या माथ्यावर पाणी असलंच पाहिजे. ते उतरलं की लोखंड तापून मऊ पडतं, आणि पुढं काय होतं ते सांगायला सहसा कुणी उरत नाही. सोलापूरचं पाणी जड. त्यातला चुना नळीच्या वाटेत बसतो, वाट बुजते आणि मग काचेत दिसणारं पाणी खोटं असतं. म्हणून दर पाळीला काच फुंकायची. म्हणजे खालची तोटी उघडायची, एकदा वरून वाफ आणि एकदा खालून पाणी जोरात सोडायचं, आणि दोन्ही वाटा मोकळ्या आहेत ना, हे डोळ्यांनी बघायचं.

या काचेचा एक नियम होता. तो सरकारचा नव्हता. उस्तादानं फुंकलेली काच शागिर्दानं पुन्हा फुंकायची नाही. पाळी बदलताना उस्ताद म्हणणार, "पानी आधा, काच फुंकी." शागिर्दानं भट्टीच्या दाराला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि कामाला लागायचं. पुन्हा फुंकणं म्हणजे उस्तादाला तोंडावर खोटारडा म्हणणं. नबीसाबांनी आपल्या उस्तादाची काच कधी पुन्हा फुंकली नव्हती. सिदूनंही नाही.

मग सरकारचा कायदा कडक झाला. बॉयलरपाशी परीक्षा पास झालेला माणूस हजर पाहिजे. नबीसाबांना मुंबईला जाऊन परीक्षा द्या म्हटलं तेव्हा ते उसळले, "तीस बरस आग मेरी परीक्षा लेती हय. अब ये टोपीवाला क्या लेगा?" खरी अडचण आकड्यांची होती, आणि ती सिदूला ठाऊक होती. शेवटी त्यांनीच सिदूला पाठवलं. तो पास होऊन आला. तेव्हापासून कागदावर बॉयलर सिदूच्या नावाचा, पण हुकूम नबीसाबांचा. पहाटे आग पेटवण्यापासून दुपारपर्यंत नबीसाब, दुपारपासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत सिदू. वहीत मात्र दोन्ही पाळ्या सिदूच्याच. इंजिनियर साहेबांना ते माहीत होतं. आजवर काही बिघडलं नव्हतं, एवढ्यावर ते चाललं होतं.

म्हणून त्या कार्डाचा खरा अर्थ पेठेत कुणाला समजावून सांगावा लागला नाही. सिदू गेला तर गिरणीला दुसरा सर्टिफिकेटवाला आणावा लागणार. असा माणूस एकटा येत नसतो. त्याचा पुतण्या असतो, मेव्हणा असतो, गावाकडचा एखादा असतो. मग नबीसाब, त्यांचा जावई शेखलाल आणि कोळसा ओढणारा येडू यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायला किती वेळ लागतो?

"जायाचं का?" सिदूनं विचारलं.

बाळाबाई भाकरी थापत होती. तीही त्याच गिरणीत, रिळाच्या खात्यात सूत उकलायला जायची. तिनं मान वर केली नाही. "मला कशाला इचारता? नळावर इचारा की. तितं समदं ठरलंय."

"काय ठरलंय?"

"निम्म्या म्हणत्यात जाईल, निम्म्या म्हणत्यात न्हाय. सुंदरम्मा म्हणती, धनगर हाय, आईच्या वासानं जातोय बगा."

"आणि तू काय म्हणतीस?"

"मी म्हणले, मेंढरांचा वास एवढ्या लांब येत न्हाय." भाकरी तव्यावर पडली. "अवो, पोरगी तुमच्या उस्तादांच्या बायकूच्या, सरदारबी मावशीच्या मांडीवर वाढलीया. बाळंतपणात मी मरायला टेकले तवा नऊ रात्री ती बाई हितं बसली. तुमची आई कुटं हुती?"

"मेंढरामागं. लई लांब."

"तेच की. अकलूजला जाऊन पोरगी कुणाच्या हातात देऊ? सासूबाई तिला दावणीला बांधतील, कोकराशेजारी."

सिदूला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "म्हातारीची नजर माझ्या वाटंकडं लागलीया. तेरा वरसात किती डाव गेलो मी?"

"आणि सरदारबी मावशी तरणी हाय व्हय?"

एक गोष्ट त्यानं बाळाबाईलाही सांगितली नव्हती. महादेवप्पा गेल्या दिवाळीला आला होता तेव्हा त्यानं पाटीवर खडूनं त्या नव्या बॉयलरचं चित्र काढून दाखवलं होतं. इथल्यासारखी पाण्याच्या पोटात भट्टी नाही. पाणीच शेकडो नळ्यांतून फिरतं आणि भोवती आग. कोळसासुद्धा लागत नाही, उसाची चिपाडं जाळतात. सिदू ते चित्र कितीतरी वेळ बघत बसला होता. महादेवप्पानं पाटी पुसली तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं. आईची ओढ होती, पगाराची होती, पण जाग आली की डोळ्यांपुढं त्या नळ्या यायच्या.

बुधवार गेला. गुरुवार गेला. नबीसाब कार्डाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. दुपारी पाळी सोपवायची, तोंड धुवायचं, बाकड्यावर बसून विडी ओढायची आणि घरी जायचं. ते रागावले असते तर बरं, असं सिदूला वाटायचं.

बोलायचा तो शेखलाल. "क्या सिद्धनाथराव, बोरीबिस्तरा बांधला का? मला बी सांगा, मी भीक मागायला चटई घेऊन ठेवतो."

"शेखलाल, तू परीक्षा दे म्हणून दोन वरसं सांगतोय मी."

"मला कायकू पायजे परीक्षा? तू हाईस की."

येडू कोळशाची पाटी खाली ठेवून म्हणाला, "त्यो ऱ्हाईल. उस्तादाला सोडून जायाला त्यो काय कुत्रं हाय?"

"कुत्रं जात न्हाय येडू," शेखलाल म्हणाला. "माणूसच जातंय."

आणखी एक गोष्ट होती. तिच्याबद्दल त्या बॉयलरघरात कुणीच बोलत नव्हतं. तीस वर्षं भट्टीच्या उजेडात बघून बघून नबीसाबांच्या डोळ्यांवर पांढुरका पडदा आला होता. दोन वर्षांपासून त्यांनी पाळी बदलताना सिदूला हाक मारून विचारायला सुरुवात केली होती, "बोल शागिर्द, काटा कुटं हय?" सिदू म्हणायचा, "खांद्याच्या जरा खाली, उस्ताद." "शाबास!" जणू परीक्षाच चालली आहे. सिदूला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं. शेखलालला कळलं होतं, येडूलाही. सकाळच्या पाळीत सिदू नसायचा, तेव्हा काट्याची खबर शेखलाल द्यायचा, तीही गाणं गुणगुणल्यासारखी, म्हणजे विचारायची पाळीच येऊ नये. सगळे मिळून म्हाताऱ्याची अब्रू सांभाळत होते, आणि त्यात आपण चांगलं करतो आहोत असंच प्रत्येकाला वाटत होतं.

गुरुवारी डावीकडची काच तडकली. तिच्या तोट्या बंद करून ठेवल्या. नवी काच मुंबईहून यायची होती. तोवर उजवीकडच्या एकाच काचेवर काम.

गुरुवारी रात्रभर कूस बदलून शुक्रवारी सकाळी सिदूनं निकाल लावला. एक कोरं कार्ड आणून लिहिलं: 'येणे होत नाही. साहेबास नमस्कार सांग. राग नसावा.' ते सदऱ्याच्या खिशात घातलं. बाळाबाईला म्हणाला, "न्हाय जात." ती नुसती "बरं" म्हणाली, पण कामाला जाताना पोरगीला सरदारबीकडं सोडायला नेहमीपेक्षा लवकर निघाली. सिदूला हलकं वाटलं. आधी नबीसाबांना सांगायचं आणि मग कार्ड पेटीत टाकायचं, असं ठरवून तो दुपारी बॉयलरघरात शिरला.

जेवणाची सुट्टी संपत आली होती. भिंतीपलीकडच्या रिळाच्या खात्यात बायका परतत होत्या, त्यांचा गलका ऐकू येत होता. नबीसाब पंच्यानं मान पुसत होते.

"पानी आधा, काच फुंकी," ते म्हणाले आणि बाकड्यावर टेकले.

सिदूनं भट्टीच्या दाराला हात लावून कपाळाला लावला. "उस्ताद, ते कार्ड..." असं म्हणता म्हणता त्याची नजर काचेवर गेली. पाणी बरोबर अर्ध्यावर होतं.

पण ते हलत नव्हतं.

चालू बॉयलरच्या काचेतलं पाणी कधी स्वस्थ बसत नाही. मनगटावरच्या नाडीसारखं ते बारीक थरथरत असतं. हे पाणी रांजणात भरून ठेवल्यासारखं निवांत होतं. सिदूनं डोळे मिटून पुन्हा उघडले. तसंच.

वरची वाट मोकळी आणि खालची बुजलेली असेल, तर फुंकताना वाफेचा सूं आवाज जोरात येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, झालं काम. मग वाफेचंच थेंब थेंब पाणी होऊन काच आपोआप भरत जाते. पाणी खालून आलं की नाही हे कानाला कळत नाही. ते बघावं लागतं.

सिदूचा हात तोटीकडं गेला आणि मध्येच थांबला.

"क्या देखता रे?" नबीसाबांनी विचारलं. त्यांना हात दिसला नव्हता, पण सिदू जागचा हलला नाही हे कळलं होतं.

"काय न्हाय, उस्ताद."

"मग भट्टीचं दार का उघडत न्हाईस?"

शेखलाल पंपापाशी उभा होता. त्याला मात्र सिदूचा हात दिसत होता. सासऱ्यांना मामू म्हणणारा तो हळू आवाजात म्हणाला, "सिदू. मामूंनी फुंकलीया काच."

"ऐकलं मी."

"ऐकलंस, तर मग?"

येडूनं पाटी खाली ठेवली. कुणीही हललं नाही. भिंतीपलीकडं कुणीतरी बाई मोठ्यानं हसली. ती बाळाबाईच असावी असं सिदूला वाटलं. ती हसताना शेवटी खोकायची. त्यानं तोटी धरली आणि उघडली.

आधी वाफ आली, भरपूर. मग त्यानं वाफेची वाट बंद केली आणि पाण्याची उघडली. पाण्याचा झोत यायला हवा होता. एक थेंब आला, आणि पुढं काही नाही. त्यानं तोटी जोरानं उघडझाप केली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी आतून चुन्याची खपली सुटून खाली पडली आणि पाण्याच्या वाटेतून, जिथून पाणीच यायला हवं तिथून, नुसती वाफ आली.

आत पाणी काचेच्याही खाली गेलं होतं. किती खाली, हे सांगायला आता काहीच नव्हतं.

"राख! ओली राख टाका भट्टीवर!" सिदू ओरडला. "येडू, धुराड्याची झडप पाड!"

"मी पाणी सोडतो!" शेखलाल पंपाकडं वळला.

"पंपाला हात लावू नगंस! तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर समदे जातील!"

शेखलालचा हात हवेतच राहिला. सिदूनं उजव्या भट्टीचं दार उघडलं आणि फावड्यानं राख मारायला लागला. डाव्या भट्टीचं दार कुणी उघडलं ते त्यानं पाहिलं नाही. फावड्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर नबीसाब होते. ते डोळ्यांनी बघत नव्हते. तोंड दुसरीकडंच होतं. पण एकेक फावडं भट्टीच्या पार मागपर्यंत जाऊन पसरत होतं, चिमूटभर राख बाहेर सांडत नव्हती. धूर, राख आणि घाम. बॉयलरच्या पोटात कुठंतरी टक् असा आवाज झाला. सगळ्यांचे हात थांबले. पुढं काही झालं नाही. हात पुन्हा चालू झाले.

हळूहळू काटा उतरू लागला. इंजिनाची घरघर मंदावली. मग पट्टे थांबले आणि भिंतीपलीकडचं सगळं यंत्र निपचीत पडलं. इतकी शांतता भरदिवसा त्या गिरणीत सिदूनं कधी ऐकली नव्हती. "काय झालं गं?" असं एक बाई दुसरीला विचारत होती, ते इथं स्पष्ट ऐकू आलं.

इंजिनियर साहेब धावतच आले. त्यांनी काच पाहिली, जमिनीवरची चुन्याची खपली उचलून बोटांत चुरडली.

"कुणाची पाळी होती?"

"वहीत माझी हाय, साहेब," सिदू म्हणाला.

"वही मलाही वाचता येते. काच कुणी फुंकली होती?"

नबीसाब फावड्याला टेकून उभे होते. शेखलाल सिदूकडं टक लावून बघत होता. 'मी' एवढं एक अक्षर पुरलं असतं. चार शिव्या, थोडा दंड, आणि काम सुरू. मग उद्या दुपारी पुन्हा 'पानी आधा, काच फुंकी', परवाही तेच, आणि भिंतीपलीकडं त्या बायका. सिदूनं ओठ ओले केले.

"उस्तादांनी," तो म्हणाला. "उस्तादांना दिसत न्हाय, साहेब. दोन वरसं झाली."

"आणि तुला ते ठाऊक होतं?"

"व्हय. मला ठाऊक हुतं."

साहेब काहीतरी बोलले असतील, सिदूला ते आठवत नाही. नबीसाबांनी फावडं भिंतीला लावून ठेवलं, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि चालू लागले. दाराच्या पायरीशी त्यांनी पायानं चाचपून पाहिलं, आंधळा माणूस पाहतो तसं. आजवर त्यांनी ते कुणाला दिसू दिलं नव्हतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

साहेबांनी त्यांना कोळशाच्या फाटकावर बसायची नोकरी देऊ केली. शनिवारी नबीसाब फाटकावर गेले नाहीत. शेखलाल आणि येडू कामावर आले. दिवसभरात दोघांनी सिदूशी कामापुरतेच शब्द वापरले, तेही मोजून. खालची नळी, दोन पाट्या, बास.

संध्याकाळी बाळाबाई पोरगीला काखेत घेऊन घरी आली आणि दाराशीच बसली.

"मावशीनं दार लावलं," ती म्हणाली. "पोरगीची झबली, दुपटी, समदं घडी घालून उंबऱ्यावर ठेवलं हुतं. पोरगी दार वाजवून वाजवून रडली. आतून आवाज न्हाय."

सिदूनं पोरगीला तिच्या काखेतून घेतलं.

"तुमी खोटं बोलायला पायजे हुतं," ती म्हणाली. "न्हाय. भिंतीपल्याड मीच हुते." मग तिनं डोळ्यांना पदर लावला. "चला हितनं. नळावर माज्या घागरीपुढं कुणी घागर ठेवंना. वाट देत्यात, पण बोलत न्हाईत."

खिशातलं कार्ड अजून तिथंच होतं. सिदूनं ते काढलं. बाळाबाईनं ते न वाचताच चुलीत सारलं.

ज्या माणसासाठी राहायचं ठरवलं होतं तो माणूसच आता नव्हता, हे खरं. पण शेखलाल होता, येडू होता, आणि सिदू गेल्यावर त्यांचं काय होणार हे काही बदललं नव्हतं. रविवारी सकाळी तो शेखलालला गाठून म्हणाला, "माझ्यासंगं चल. महादेवप्पाला सांगून बघतो. तितं हातांची गरज हाय."

"मामूंना सोडून?" शेखलाल हसला. "तू जा भाऊ. तुला जमतंय."

तिथून सिदू नबीसाबांच्या दारी गेला. कडी वाजवली. सरदारबीनं दार बोटभर उघडलं. तिच्या डोक्यावरचा पदर पार कपाळापर्यंत ओढलेला होता. सिदूनं वाकून हात जोडले.

आतून नबीसाबांचा आवाज आला, "कोन हय गे?"

सरदारबीनं क्षणभर सिदूकडं पाहिलं.

"कोई नईं," ती म्हणाली आणि दार लावलं.

त्याच दुपारी सिदू, बाळाबाई आणि पोरगी रेल्वेनं कुर्डुवाडीपर्यंत आणि पुढं मोटारीनं अकलूजला गेली. सोमवारी तो हजर झाला.

नवा बॉयलर खडूच्या चित्राहून मोठा निघाला. पहिला महिना सिदू नळ्या मोजत आणि झडपा ओळखत फिरला. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं. आई गोजाबाई एकदा चालत येऊन पत्र्याच्या खोलीत दोन दिवस राहिली, नात मांडीवर घेतली, आणि "हितं रातभर काय तरी घुमतंया, झोप येत न्हाय" म्हणून मेंढरांकडं परत गेली. दिवस भरलेले होते. पण कारखान्यात सोलापूरचा कुणी आला की सिदू काहीतरी निमित्त काढून त्याच्याजवळ जायचा आणि न विचारताच परत यायचा. महादेवप्पाकडून तुकड्यातुकड्यांनी कळायचं ते कळायचं. गिरणीत मुंबईचा सर्टिफिकेटवाला आला. बरोबर दोन भाचे आले. येडू कुठल्याशा कापसाच्या जिनात हमालीला लागला. शेखलाल महिनाभर टिकला.

पौषात एका सकाळी फाटकावरून निरोप आला, "तुमचा माणूस आलाय."

बाहेर शेखलाल उभा होता. धुळीनं भरलेला, काखेत वळकटी.

"कवा आलास?"

"आत्ताच. टेंभुर्णीपासून चालत आलो."

"मोटार हुती की."

"हुती," शेखलाल म्हणाला. त्यानं वळकटी या काखेतून त्या काखेत घेतली. "मी येत नव्हतो. मामूंनी धाडलंय."

"माझं नाव घेतलं?"

"नाव न्हाय घेतलं. मी बोल्या, कुटं जाऊ, कोन देतंय काम? तर म्हणाले, अकलूजकू जा. वहाँ अपना एक आदमी हय." शेखलालनं जमिनीकडं बघत पुढं म्हटलं, "राग गेला असं समजू नगंस. परवाच तुझं नाव काढलं म्हणून मला ताटावरून उठवलंय."

"डोळे?"

"आता काईच दिसत न्हाय."

सिदूनं त्याच्या काखेतली वळकटी ओढून स्वतःकडं घेतली. आत जागा नव्हती. माणसं पुरेशी होती, आणि परवाच साहेबानं सांगितलं होतं की यापुढं ओळखीच्या माणसांच्या शिफारशी घेऊन कुणी येऊ नये. नवीन माणसानं काही चूक केली तर आणणाऱ्याला जबाबदार धरलं जाईल. तीन महिन्यांच्या नोकरीवर, स्वतःचे पाय पुरते टेकले नसताना, सिदूला कुणाचा तरी जामीन व्हायचं होतं.

"परीक्षा द्यावी लागंल," तो म्हणाला. "या वेळी 'तू हाईस की' असं चालणार न्हाय."

"देईन."

"आणि माझ्या कामावर बी नजर ठेवायची. मी चुकलो तर तोंडावर सांगायचं."

शेखलालनं मान वर केली. "ते आधीपासनं येतंय मला."

सिदू त्याला घेऊन कचेरीत गेला. साहेबानं दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सिदू जागचा हलला नाही, तेव्हा साहेब वैतागून म्हणाला, "गाळप संपेपर्यंत. मग बघू." कारकुनानं मोठी वही पुढं ओढली, नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि टाक दौतीत बुडवून विचारलं, "हा तुमचा कोण लागतो?"

"माझ्या उस्तादांचा जावई."

"म्हणजे कोण? इथं उस्ताद वगैरे रकाना नाही."

कारकुनाला घाई होती. त्यानं 'नातेवाईक' असं लिहून टाकलं आणि अंगठ्यासाठी शाईची गादी पुढं सरकवली.

"अंगठा नको," शेखलाल म्हणाला. "सही येते." आणि त्यानं उजवीकडून डावीकडं, सावकाश, उर्दूत आपलं नाव लिहिलं. कारकून त्या अक्षरांकडं बघत राहिला. सिदूनं बाजूला बसून एक कोरं कार्ड मागून घेतलं, त्यावर नबीसाबांचा सोलापूरचा पत्ता घातला, आणि आत काय लिहायचं याचा विचार करत राहिला. ते कार्ड तिथं कुणीतरी दुसराच वाचून दाखवणार होता, आणि त्याआधी सगळ्या पेठेनं वाचलेलं असणार होतं.

शेवटी त्यानं एवढंच लिहिलं: 'शेखलाल पोहोचला. कामावर लागला.' खाली सही केली आणि पाळीची वेळ झाली म्हणून शेखलालला घेऊन बाहेर पडला.